बाळाचं तोंड

आवं, तुमास्नी सोनियाचा नमस्कार.

फोनवर बोलाय गेलं की तुमी विषय बदलता, म्हणून लिहितीय. धाडायचं धाडस व्हईल असं वाटत न्हाई.

मला परत दिवस गेल्यापासनं तुमी शिरवळवरनं एकच सांगताय, सांगलीच्या त्याच मोठ्या दवाखान्यात नाव घाल, तिथं सगळ्या मशिनी हायत. व्हय, हायत. पण गेल्या खेपंला आपलं बाळ मेलेलंच जन्मलं, तवा त्यांनी मला न दाखवता ते तुमच्या हातात दिलं. "तिला त्रास होईल," म्हणाले. पडद्याआड मी जागीच व्हते.

काल मी एकटीच कवठे महांकाळच्या डॉक्टरबाईंकडं गेले. त्यास्नी इचारलं, "याबी खेपंला वाईट झालं, तर मला बाळ दावाल न्हवं?"

बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "तुझंच बाळ आहे गं. आधी तुझ्याच मांडीवर देईन."

लय रडले मी तिथं. मग तिथंच नाव घातलं.

त्याला पुरून आल्यापासनं तुमी कधी बोलला न्हाई, मीबी इचारलं न्हाई. आता एवढंच सांगा, कुणावर गेला व्हता त्यो?

तुमचीच,
सोनिया