कप्तान मेला असे गृहीत धरून

मी, अंतराळवीर कप्तानाच्या नऊ कादंबऱ्यांचा लेखक, वय बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याआधी त्यांनी कप्तान जिवंत आहे का, असं विचारलं. मेला, असं मी सांगितल्यावर त्यांचं पेन जरा अडखळलं होतं.

१. कप्तानाला मी नवव्या पुस्तकात मारलं. त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही. माझं लिखाण धाकटी बहीण टाईप करायची. तेही प्रकरण तिने मुकाट्याने टाईप केलं आणि मग दहावं पुस्तक स्वतःच लिहिलं. त्यात काळाला फाटा फुटतो आणि दुसऱ्या काळात कप्तान ठणठणीत असतो. वाचकांत दोन तट पडले. माझ्या तटात आज चार जण उरले आहेत, मला धरून.

२. त्यानंतर चौदा वर्षं मी वरच्या मजल्यावर, ती खाली. निरोप शेजारीणबाईंमार्फत. तिच्या टाईपरायटरचा ‘क’ मीच रागाने उपटला होता. तो टेबलाच्या खणात आहे, तिला परत द्यावा. तिने सहा पुस्तकं प्रत्येक ‘क’ हाताने लिहून पुरी केली.

३. गेल्या महिन्यात मी जिन्यावरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये. धाकटी रोज ताटासोबत स्वतःचं एकेक पुस्तक ठेवून जायची. वाचणार नव्हतो, पण पंख्याकडे तरी किती वेळ बघणार? तिचा कप्तान म्हातारा झाला आहे, गुडघे धरून यानात चढतो. हा माणूस तुला जिवंत कशाला हवा होता, असं मी शेवटी विचारलं.

ती ताट उचलत म्हणाली, “दादा, तू दोन ओळींत त्याला मारून मोकळा झालास. त्या ओळी टाईप मला कराव्या लागल्या.”

हे मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं.

४. तरीही अस्सल कथा माझीच. कप्तान मेला तो मेला. धाकटीची पुस्तकं मात्र माझ्याच कपाटात, माझ्या पुस्तकांना लागून ठेवावीत. अंत्यविधीला दोन्ही तटांनी एकत्र उभं राहावं, घोषणा देऊ नयेत.

५. माझ्या निधनाची बातमी धाकटीने लिहावी. तिने तीत मला जिवंत ठेवलं, तर कोणीही दुरुस्ती करू नये. घर मात्र तरीही तिच्या नावावर करावं.

साक्षीदार:
शेजारीणबाई, निवृत्त परिचारिका (कप्तान जिवंत)
मुद्रितशोधक (कप्तान मृत, कलम दोनमधली एक वेलांटी सुधारली)

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: दादा