नाओमीचा श्वास

मंगळवार, रीडिंग, इंग्लंड. स्टुडिओतून परत येताना, ट्रेनमध्ये.

नाओमी आमचा चौघींचा गाण्याचा ग्रुप सोडून गेली त्याला नऊ दिवस झाले. आमचा सोल संगीताचा अल्बम तयार आहे, आणि सगळ्या गाण्यांत लीड, म्हणजे मुख्य गायकी, तिची. तिचा ईमेल एका ओळीचा: माझा आवाज काढून टाका. आता लीड मी गायची, असं बाकी दोघींनी ठरवलंय.

साउंड इंजिनिअर टॉम आज म्हणाला, "काढू कसा? चौघी एकाच माइकभोवती उभ्या होतात, आवाज एकात एक मिसळलेत."

तो हट्ट माझा. जुने ग्रुप असेच गायचे म्हणून मीच भांडले होते. आणि तिचा आवाज आम्हाला झाकतो म्हणून दर रेकॉर्डिंगला तिला एक पाऊल मागे जायला सांगणारीही मीच. सगळ्यांसमोर. ती मागे सरकायची, मग मोठा श्वास घ्यायची. त्या श्वासावर आम्ही सुरू व्हायचो. त्यासाठी तिला एकदा तरी थँक यू म्हटलं का मी? आठवत नाही.

मग सगळं पुन्हा गायचं ठरलं. तिघी माइकभोवती उभ्या राहिलो. तिची मागची जागा मोकळीच ठेवली, का कोण जाणे. हेडफोनमध्ये पियानो सुरू झाला, आम्ही गाणं सुरू करायचा क्षण आला आणि निघून गेला. कोणीच गायलं नाही. टॉमने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिघीही त्या श्वासाची वाट बघत होतो.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा लक्षात आलं. तो श्वास आता मी घ्यायचा होता.