गाडी वळायला जागा

रविवार, सकाळचे अकरा

प्रिय ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. घरी सगळं ठीक. आईचे गुडघे होते तसेच. खुशाली एवढ्यातच आटोपतो, कारण बातमी पोटात मावत नाहीये. ताई, गाडी आली! काल सकाळी, चाचणीची का होईना, पण अख्खी बस आपल्या दारात आली, वळली आणि परत गेली!

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे एवढं लांबलचक पत्र पाहून तू कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण वाच.

झालं असं. महिन्यापूर्वी शाळेच्या बाईंनी शहरात जाऊन आगारप्रमुखांना गाठलं. ते म्हणाले, गाडी द्यायला आमची ना नाही, पण तुमच्याकडे प्रवासी मोजके, म्हणून कंडक्टर देता येत नाही. ड्रायव्हरच तिकिटं फाडतो. आणि मागे उभं राहून बघणारं कोणी नसेल तर त्यानं गाडी मागे घ्यायची नाही, असा नियम. म्हणजे गाडी एका दमात गोल वळली पाहिजे. आता आपल्याकडे रस्ता संपतो तिथे एकीकडे डोंगर, दुसरीकडे ओढा. मोकळी जागा एकच, पूर्वी गाडी वळायची ते आपलं अंगण. आणि अंगणात माझी भिंत.

बाई माझ्याकडे आल्याच नाहीत, आईकडे गेल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना मला एवढंच म्हणाली, "मला एकदा ताईची शहरातली खोली बघायची आहे. फाट्यापर्यंत चार किलोमीटर माझ्यानं चालवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेतली. एकट्यानंच सुरुवात केली होती, तर दुपारपर्यंत निम्मं गाव हजर. आपला न्हावी, जो घरात इकडची काडी तिकडे करत नाही, तोसुद्धा विटा वाहत होता. अर्थात दोनच वाहिल्या आणि चार तास सल्ले दिले.

काल आगारप्रमुख स्वतः आले. ड्रायव्हर आपला जुनाच, मिशीवाला. त्यानं गाडी वळवायला घेतली आणि माझ्या कामाच्या पडवीपाशी येऊन थांबवली. वीतभर जागा कमी पडत होती. आगारप्रमुख नकारार्थी मान हलवायला लागले. मला काय झालं कोण जाणे, आत गेलो, करवत आणली, शिडीवर चढलो आणि भिंतीनंतर पुढे वाढवलेलं छप्पर कोपऱ्यावर हातभर कापून टाकलं. माझ्याच हातचं काम, पण हात जरासुद्धा अडखळला नाही.

मग गाडी वळली. एका दमात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई गाडीत चढली ती उतरेचना, शेवटी ड्रायव्हरनं तिला फाट्यापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर म्हणते, सीट जरा कडक आहे. पुढच्या सोमवारपासून दिवसाला तीन फेऱ्या, पहिली सकाळी सहा दहाची.

गाव मला डोक्यावर घेऊन नाचतंय. सुताराचं मन केवढं मोठं, म्हणतात. आणि ताई, कालपासून तेच मला पचत नाहीये.

भिंत का घातली ते मी तुला सांगितलं होतं. गाडी वळली की धूळ उडायची आणि ओल्या पॉलिशवर बसायची. ते खरंच आहे, तीन कपाटं मी पुन्हा घासली होती. पण भिंतीमुळे गाडी बंद पडेल हे मला माहीत नव्हतं, असंही मी सांगितलं. तुला, आईला, सगळ्या गावाला.

माहीत होतं. मी पाया खणत होतो तेव्हा ड्रायव्हर गाडीतून उतरून माझ्याजवळ आला होता. म्हणाला, "सुतारदादा, इथे भिंत आली तर मला वळता येणार नाही. गाडी बंद होईल." मी मान वर न करता म्हणालो, होऊ दे.

मला वाटलं, चार दिवस गाडी बंद राहील, सगळे माझ्या दारात येतील, हात जोडतील, मग मी मोठ्या मनानं भिंत पाडीन. कोणी आलं नाही. तू तर नाहीच नाही. इस्पितळातली सकाळची पाळी गाठायला तू महिनाभर पहाटे बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत चालत गेलीस. मी खिडकीतून बघायचो. आज ताई एक शब्द बोलली तर पाडतो, असं रोज ठरवायचो. मग तू शहरात खोली घेतलीस. निघताना विचारलंस, "तुला खरंच माहीत नव्हतं?" आणि मी आईदेखत नाही म्हणालो. त्याची लाज अजून जात नाही.

आईला आज सकाळी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत राहिली. सोमवारी गाडी आली की गावालाही सांगणार आहे. टाळ्या परत घ्यायच्या असतील तर घेऊ देत.

तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो, ये.

तुझ्याशी खोटं बोललेला,
धाकटा


बुधवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हरनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणून तर निघताना विचारलं. भिंतीचा राग दोन दिवसांत गेला रे. माझ्या डोळ्यात बघून नाही म्हणालास, तो राग दोन वर्षं पुरला. थोडा अजून शिल्लक आहे.

मी खोली सोडून परत येणार नाही, तशी आशा धरू नकोस. मला इथे आवडायला लागलंय. पण रविवार मोकळे असतात.

सोमवारी मी रजा घेतली आहे. आईला पहिल्या गाडीत खिडकीजवळ बसव. मग खाली उभा राहून गावाला जे सांगायचं ते सांग आणि सांगून झालं की तिच्या शेजारी येऊन बस. स्थानकावर मी उभी असेन. नाही सांगवलं, तर आईला एकटीलाच पाठव.

वाट बघणारी,
ताई