पायावरची निळी रेघ

१२ नोव्हें., केडगाव
सुमतीचा डावा पाय सुजला. परवा तिसगावला बहिणीच्या शेतात अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. मधुमेह; तिला कळलंच नाही. लाली घोट्यापर्यंत. डॉ.नी माझंच पेन घेऊन लालीच्या कडेने रेघ मारली. गोळ्या, इंजेक्शन. लाली रेघेबाहेर गेली तर भरती, अंगठा कदाचित काढावा लागेल.

१३ नोव्हें.
लाली रेघेला टेकली. ओलांडली नाही. जांघेत गाठ. बहिणीचा फोन: "काट्याचं अवधान हाय, जखम झाली की जांघेत गाठ येतीच. भ्यायचं न्हाई."
पुतणी रूपाली लॅबमध्ये असते, रक्त घ्यायला आली. म्हणाली, जखमेतल्या काही पेशी जंतूचा तुकडा त्या गाठीत नेऊन दाखवतात. लाखोंत तो ओळखणारी एखादीच. ती सापडली की तिच्यासारख्या हजारो होतात.
सु.: "तुझ्या स्थळासारखंच की."
तिघंही हसलो.

१४ नोव्हें.
पू. मी घाबरलो, रूपाली खूश. पू म्हणजे आधी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू गिळून मेलेल्या. मागून मोठ्या पेशी येतात, त्यांना उचलतात. लॅबमध्ये काचपट्टी दाखवली. गुलाबी पेशी, पोटात जांभळे मणी. चाळीस वर्षं निबंध तपासले. इतकं नेटकं काही पाहिलं नाही.

१६ नोव्हें.
लाली दोन बोटं आत. दोघांनी तीनदा मोजलं.
रूपाली म्हणाली, गाठीतल्या पेशी आता दुसऱ्या पेशींना कामाला लावत असतील. त्या रक्तात खुणा सोडतात. जंतूवर खूण चिकटली की गिळणाऱ्यांना तो धरता येतो. मुकादम कोण, विचारलं.
"कुणीच नाही, काका. एकमेकींना निरोप."
सु. म्हणाली, आम्ही बायका मिळून पापड लाटतो तसं, तिथंही मुकादम नसतो.
"असतो की काकू. तुम्ही."
जाताना रूपाली म्हणाली, थोडं श्रेय गोळ्यांनाही द्या.

१९ नोव्हें.
लाली गेली. डॉ. खूश, पण अंगठ्याचं टोक काळसर. तिथं रक्त पोचलं नाही तर पेशी तरी कशा पोचणार. आठवडाभर थांबू, मग काढायचं का ते ठरवू म्हणाले. रंग रोज लिहायचा.

२० नोव्हें.
आठ दिवसांनी सु. ओट्याशी उभी. थालीपीठ. मी घासलेल्या तव्याबद्दल बरंच ऐकलं. थालीपीठ उलटेपर्यंत हसत होतो.
रंग: दिवे लागल्यावर पाहिला. बल्बखाली ठरेना.
"गुलाबी लिहा," सु. म्हणते.
जागा सोडली आहे. सकाळी उन्हात पाहून लिहीन.