कुणी ओरडतंय का

सोमवार
लागले एकदाची नोकरीला! खिडकीजवळची जागा मिळाली, खुर्चीही धड आहे. निघताना ताईनं बजावलं, पहिल्याच दिवशी अक्कल पाजळू नकोस. आई गेल्यापासून मी ताईच्याच जिवावर आहे. आता तिला आराम द्यायचा.

काम म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कंपनीचा प्रोग्रॅम असंख्य छोट्या पॅकेजांचा, म्हणजे सुट्या तुकड्यांचा बनलाय. हे त्याच्यावर अवलंबून, ते तिसऱ्यावर. ज्याच्यावर कुणीच अवलंबून नाही, ते मी काढायचं. आमच्या म्हाताऱ्या साहेबांना सगळे 'आजोबा' म्हणतात. त्यांनी रीत सांगितली: शंका आली की सरळ काढायचं आणि कान देऊन बसायचं. संध्याकाळपर्यंत कुणी ओरडलं तर परत ठेवायचं, नाही तर ते कायमचं गेलं. जी फक्त त्यालाच लागत होती, तीही मागोमाग आपोआप जातात. मला हसूच आलं.

मंगळवार
सकाळी एक काढलं. हिशेबवाल्या बाई अशा कडाडल्या, की लगेच परत ठेवलं. दुपारी दाराच्या नोंदीचं एक जुनाट पॅकेज काढलं. कुणी हूं की चूं केलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

बुधवार
दारावरचा पहारेकरी दिसला नाही. काल तर माझ्या छत्रीची थट्टा करत होता. शेजारच्या चष्मेवालीला विचारलं. ती म्हणाली, आपल्याकडे पहारेकरी होताच कधी? त्याची बायको खालच्या दुकानात काम करते, म्हणून तिथं गेले. दुकानदार म्हणाला, मी तर पहिल्यापासून एकटाच आहे.

घरी येऊन ताईला घट्ट धरून बसले. तिला वाटलं, ताप आलाय.

गुरुवार
ते पॅकेज परत ठेवलं. पहारेकरी काही परत आला नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, संध्याकाळ उलटली की उपयोग नसतो. मी म्हटलं, मी आता काहीही काढणार नाही. त्यांनी मान डोलावली. मग मायेनं विचारलं, घरी कोण असतं? फक्त ताई. ताईवर आणखी कोण अवलंबून आहे? कुणी नाही, मी एकटीच. आणि तुझ्यावर?


शुक्रवार, सकाळ
दाराला माझं कार्ड लागेना. चष्मेवालीच्या मागोमाग आत शिरले. माझ्या खुर्चीवर तिची पर्स. उचल म्हटलं, तर तिनं वरही पाहिलं नाही —

दुपार
पाचावर धारण बसली आहे. मला काढलंय. संध्याकाळपर्यंत कुणीतरी माझ्यासाठी ओरडायला हवं. तशी एकच आहे.

ताईला फोन लागला! मी म्हटलं, ओरड, इथं फोन करून माझ्या नावानं ओरड — ताई परक्या माणसाशी बोलावं तशी, अगदी गोड आवाजात म्हणाली, आपण कोण?

उशीर होतोय
मी गेले तर जाऊ दे. पण मी गेले की ताईवर अवलंबून असलेलं कुणीच — मग तीही — तिला सांगायला हवं, कुणाच्या तरी उपयोगी पड, कुणाच्याही, आत्ताच्या आत्ता —
रिंग जातेय. रस्त्यावरचे दिवे लागले. उचल ना गं ताई, उच