मनगटातला फेस

११ फेब्रुवारी

आज कात्री हातातून सुटली. गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली — नशीब, टोकानं नाही. तो हसला, मीही हसलो. उजवं मनगट कधीपासून ठणकतंय हे त्याला कशाला सांगू? न्हाव्याचा हात कापतो, ही बातमी पसरायला एक दाढी पुरते.

१९ फेब्रुवारी

आमच्या खुर्चीत बसला की माणूस डॉक्टर होतो. एक म्हणाला वात. दुसरा म्हणाला मोबाइल. तिसऱ्यानं मालिशवाल्याचा पत्ता दिला. वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर याच खुर्चीमागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, की आमच्या काळी मनगटं दुखत नसत.

मालिशवाल्यानं अंगठ्याकडची सूज दाबली, पिरगाळली आणि नस सरकली होती, बसवली, म्हणाला. नस बसली. मीही बसलो — त्याच्या पायरीवर, डोळ्यांपुढे काजवे घेऊन.

२ मार्च

बायकोनं शेवटी ओढून नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि बोलता बोलता थांबले. मनगटाच्या हाडाचं टोक फुगलेलं, आत कप्पेच कप्पे. साबणाच्या फेसासारखं दिसतं, आम्ही तसंच म्हणतो, असं त्यांनी समजावलं. आयुष्यभर लोकांच्या गालाला फेस लावला, तो इतका आत मुरेल असं वाटलं नव्हतं!

गाठ आहे. कसली, ते एक्स-रेवरून नक्की सांगता येत नाही. साधी पाण्याची पिशवी असेल, किंवा वाईट काही. वरचं हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ उरलंय, वजन उचलायचं नाही. मालिश वगैरे केलं नाहीत ना, त्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे.

९ मार्च

मोठ्या इस्पितळातले सर्जन. बोलणं मोजकं. बोगद्यासारख्या यंत्रात हात तपासला, मग छातीही. दुखतंय मनगट, छाती कशाला? तर अशा गाठी कधी कधी फुप्फुसात जातात. तो ‘कधी कधी’ बरोबर घेऊन घरी आलो.

१२ मार्च

जाड सुई घालून गाठीचा तुकडा काढला. सर्जननी स्वतः. ज्याला पुढे ऑपरेशन करायचंय त्यानंच सुईची वाट ठरवावी, म्हणाले. मला ते पटलं. एकानं अर्धे कापलेले केस दुसऱ्यानं निस्तरायचे म्हणजे काय, ते मला विचारा.

१६ मार्च

निकाल नाही. बायकोनं घरातली सगळी कपाटं आवरली.

२० मार्च

कर्करोग नाही! छातीही स्वच्छ. मोठ्या पेशींची गाठ म्हणतात तिला. सर्जन म्हणाले, “जात सौम्य आहे, वागणूक नाही.” आमच्या थोरल्या साडूंसारखी — गोड बोलून घर पोखरणारी.

वाटा दोन. हाडाचं टोक कापायचं आणि पायाचं हाड तिथे बसवायचं. गाठ बहुतेक कायमची जाते, पण मनगट ताठ. नाहीतर हाड उघडून गाठ खरवडायची आणि पोकळीत सिमेंट भरायचं. मनगट वळेल, पण गाठ परत येण्याची भीती जास्त.

अण्णा म्हणाले, “हात शाबूत राहू दे. मनगट वळायचं मागाहून बघू.”

मी म्हटलं, ताठ मनगटाचा न्हावी म्हणजे दुकानातला पुतळा. खरवडायचंच ठरवलं. अण्णा जेवले नाहीत.

४ एप्रिल

उद्या ऑपरेशन. वॉर्डातला माणूस मशीन घेऊन हातावरचे केस काढायला आला. अण्णा म्हणाले, मी काढतो. नियमात बसत नाही, तो म्हणाला. मग अण्णा शेजारी उभे राहून सूचना देत राहिले — कातडी ताण, घाई करू नको. त्यानं बिचाऱ्यानं निमूट ऐकलं. झाल्यावर अण्णांनी माझ्या हातावरून पालथी बोटं फिरवून पाहिली, गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरवतात तशी. मग बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

१० एप्रिल

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हात आहे. सिमेंट आहे. दुखतं.

२८ एप्रिल

अण्णा दुकानात उभे राहतात. एका दाढीला तास लावतात, वर गप्पा. गर्दी वाढली! रस्त्यात लोक मला विचारतात, हात कसा आहे? आणि उत्तराआधीच — अण्णा आज दुकानात कधी येणार?

१७ जून

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना दया नावाचा प्रकार माहीत नाही. घरी फुग्याला फेस लावून वस्तरा फिरवतो. आजचे सगळे फुटले. बायको म्हणाली, शेजाऱ्यांना वाटतंय आपल्याकडे रोज वाढदिवस असतो.

२३ जुलै

एक फुगा शाबूत राहिला. दुकानात सांगितलं, तर अण्णा उठून खुर्चीत बसले, मान मागे टाकली. “कर.”

कानाखाली थोडं कापलं. उठले, आरशात पाहिलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “आजपासून मी घरी. दाढी हा करेल.”

७ ऑक्टोबर

ठरलेला एक्स-रे काढून आलो. सर्जन ऑपरेशनमध्ये होते, भेट झाली नाही. झाली नाही तर नाही. दुकानात परतल्यापासून खुर्ची रिकामी नव्हती.

१० ऑक्टोबर

दुपारी सर्जन दुकानात. स्वतः! दाढी करून घ्यायची होती, माझ्या हातून. नवं पातं लावलं. मनगट असं वळत होतं की सहज डोकावलेले अण्णाही बघत उभे राहिले. कुठे खरचटलं नाही.

वस्तरा खाली ठेवला, तेव्हा ते आरशातून म्हणाले, “एक्स-रे पाहिला. सिमेंटच्या कडेला गाठ पुन्हा दिसतेय. आता पायाचं हाड लागेल.”

अण्णा रस्त्याकडे बघायला लागले. मी गरम टॉवेल पिळला, सर्जनच्या तोंडावर पसरला, डोळ्यांवरही. आणि जरा जास्तच वेळ राहू दिला.