कोकचा ड्रम की हायड्रोजन

३ मार्च, मंगळवार
आज पुन्हा धावले खिडकीशी. रिफायनरीतल्या कोकच्या ड्रमवर वाफेचा ढग — आणि दादाची शिफ्ट! काही नव्हतं, रोजचंच. गेल्या वर्षी ड्रम उघडताना गरम पाण्यानं त्याचा दंड भाजला, तेव्हापासून माझा जीव टांगणीला. त्याचं आपलं एकच — "साहेबीणबाई, तुम्ही आकडे फोडा, आम्ही कोक फोडतो."

५ मार्च
साहेबांनी तुलना माझ्याच गळ्यात मारली. जाड कच्चं तेल हलकं करायचे दोन रस्ते. कोकिंग म्हणजे तेल तापवून जादा कार्बन ड्रममध्ये दगडासारखा जमवायचा — हाच कोक — आणि माणसांनी ड्रम उघडून तो फोडायचा. दुसरा हायड्रोजनचा — प्रचंड दाबाखाली तो तेलात घालायचा. तेल जास्त मिळतं, फोडायला काही उरत नाही. त्याचं युनिट बंद पडून आहे, ते पुन्हा चालू करायचं. हायड्रोजन जिंकला की दादाचा ड्रम बंद. एवढंच हवंय मला.

१० मार्च
तपासणीवाले काका आले. निवृत्तीआधीचा त्यांचा हा शेवटचा आठवडा. त्या बंद युनिटमधल्या हायड्रोजनच्या जुन्या टाकीबद्दल एक पान लिहून दिलं. "जोडात आतून भेगा असाव्यात, पोरी. हायड्रोजन पोलाद पोखरतो. गळून पेटला तर ज्योतही दिसत नाही. टाकी उघडून बघितल्याशिवाय दाब देऊ नका."
उघडून बघायचं म्हणजे चार महिने. तोवर कोकिंगच चालू ठेवा म्हणतील.

११ मार्च
काकांचं पान रिपोर्टला जोडलं नाही.

१२ मार्च
"असाव्यात" म्हणाले, "आहेत" नाही म्हणाले — अशी स्वतःची समजूत घालतेय. पान कपाटात कपड्यांखाली आहे. त्या टाकीपाशी कुणाचा तरी दादा उभा राहणारच. हा विचार आला की उठून पाणी पिते. भीती वाटते. स्वतःचीच.

२० मार्च
हायड्रोजन मंजूर! मला भर मीटिंगमध्ये रडू फुटलं. साहेब म्हणाले, एवढी मेहनत घेतली, होतं असं.

१७ एप्रिल
दादा शीळ घालत घरी आला. हायड्रोजन युनिटच्या पहिल्या शिफ्टला कुणी तयार नव्हतं, सगळे टरकलेत. यानं आपणहून नाव दिलं. "म्हटलं, रिपोर्ट माझ्या बहिणीचा आहे. मग भ्यायचं कशाला?"
उद्या सकाळी सहाला दाब चढवणार.
पान बाहेर काढलंय. आधी दादाला दाखवते, मग साहेबांना.